खोली सोडतानाचा कागद



पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. फुलंब्री तालुक्यातल्या एका गावात आम्ही गटाच्या मासिक बैठकीला बसलो होतो. बचत गोळा झाली, हप्ते झाले, नोंदवहीवर सह्या झाल्या. चहा आला तेव्हा मागं बसलेल्या एका ताईनं हळूच विचारलं, "मला आठ हजार अंतर्गत कर्ज मिळंल का?" कशासाठी, असं अध्यक्षांनी विचारलं तर ताई गप्प. शेवटी पदराचं टोक पिळत बोलली.

तिची मुलगी नर्सिंग शिकलेली. छत्रपती संभाजीनगरला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, एका दवाखान्यात काम करते. आता तिला जालन्याला जास्त पगाराची नोकरी लागली, आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. खोलीचा कागद ११ महिन्यांचा, राहून झाले होते सात. मालकीणबाई म्हणाल्या, उरलेल्या चार महिन्यांचे तुझ्या वाट्याचे आठ हजार भर आणि डिपॉझिट विसर. मैत्रिणी म्हणाल्या, तू गेलीस तर तुझा वाटा आम्ही कुठून भरायचा? दोघींनी बोलणं टाकलं. पोरगी रडत फोनवर आईला म्हणाली, "आई, मी नोकरीला येत नाही म्हणून कळवून टाकते."

आठ हजारांपायी लेक हातची नोकरी सोडायला निघाली होती आणि आई कर्ज काढायला. त्या खोलीचा कागद मात्र दोघींपैकी एकीनंही वाचलेला नव्हता.

आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या लेकी आज शहरात अशा खोल्या करून राहतात. कोणी कंपनीत, कोणी दवाखान्यात, कोणी भरतीच्या तयारीला. खोली घेताना आपण सगळं बघतो. वस्ती कशी, पाणी किती वेळ, दार आतून नीट लागतं का. खोली मधेच सोडावी लागली तर काय, हे कोणी विचारत नाही. म्हणून आज त्याबद्दल बोलू. त्यासाठी जरा मागच्या काळात जावं लागेल. कागदातली एकेक ओळ कुठून आली हे कळलं की त्या कागदाची भीती कमी होते.

गावाची खोली

चारचौघांनी मिळून खोली घेणं नवं नाही. १८५० च्या दशकात मुंबईत कापडाच्या गिरण्या निघाल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसं कामाला जाऊ लागली. एकट्याच्या पगारात खोली परवडायची नाही. मग एका गावच्या माणसांनी मिळून चाळीतली एक खोली घ्यायची. एका खोलीत दहा दहा, पंधरा पंधरा जण. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळं एक जण कामावर गेला की दुसरा त्याच जागेवर पथारी टाकायचा. प्रत्येकाची ट्रंक भिंतीकडेला आणि जेवण खानावळवाल्या बाईकडं. गोव्याच्या लोकांच्याही अशा गावागावाच्या खोल्या मुंबईत होत्या. त्यांना कूड म्हणतात. त्यातल्या काही आजही चालू आहेत.

या खोल्यांची एक रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. खोली एका माणसाची नसायची, गावाची असायची. महिन्याची वर्गणी ठरलेली, हिशेब ठेवणारा ठरलेला. कोणी गावी परत निघाला तर मागचं देणं फेडून ट्रंक उचलायचा आणि त्याच्या जागी गावचाच दुसरा यायचा. माणसं बदलायची, खोली चालू राहायची. एक जण गेला म्हणून बाकीच्यांवर संकट कोसळत नव्हतं.

बाया मात्र या खोल्यांत नव्हत्या. त्या गावाकडं शेत, गुरं आणि म्हातारी माणसं सांभाळत होत्या. आज आपल्या लेकी मैत्रिणींबरोबर खोली करून राहतात, ते आपल्या आज्यांना करताच आलं नाही. त्यामुळं खोली कशी घ्यायची आणि कशी सोडायची, ही शिकवण आईकडून लेकीकडं आलेली नाही. पुरुषांना ती गावकीतून मिळाली. आपल्याला ती नव्यानं घालून द्यायची आहे.

आपल्या शहरातल्या खोल्या

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं महाविद्यालय काढलं. तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. १९५८ साली विद्यापीठ सुरू झालं. खेड्यापाड्यांतली पोरं शिकायला शहरात येऊ लागली. १९७० च्या दशकात सिडकोनं नवी वसाहत हाती घेतली. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत होतीच, १९८० च्या दशकात वाळूजला मोठे कारखाने आले. मग रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, पंढरपूर, बजाजनगर इकडं प्लॉटवर ओळीनं खोल्या उभ्या राहिल्या. एका जिन्यावर दहा दारं, प्रत्येक दारामागं तीन-चार जण.

जुन्या वाड्यांत आणि या ओळीच्या खोल्यांत बहुतेक कारभार तोंडी चालायचा. "कुठल्या गावची? कोणाची पोरगी?" एवढं विचारून किल्ली हातात. भाडं महिन्याला रोख, पावती नाही. सोडायची असली की महिनाभर आधी सांगायचं आणि बाजेसकट सामान टेम्पोत टाकायचं. या तोंडी कारभारामागंही कायदा होता. १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो की महिन्याच्या भाड्यानं घेतलेल्या राहत्या जागेचं भाडेपट्टीचं नातं १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन कोणत्याही बाजूला संपवता येतं. वेगळा करार नसेल तेव्हाची ही गोष्ट.

मग हा ११ महिन्यांचा कागद आला कुठून?

अकरा महिने कशाचे

ही गोष्ट सुरू होते आपल्यापासून फार लांब, स्कॉटलंड देशातल्या ग्लासगो शहरात, १९१५ साली. पहिलं महायुद्ध चालू होतं. दारूगोळ्याच्या आणि जहाजांच्या कारखान्यांत कामाला माणसांची रीघ लागली, तशी घरमालकांनी भाडी वाढवली. नवरे, मुलगे लढाईवर गेलेले आणि घरात बाया. या बायांनी वाढीव भाडं द्यायला नकार दिला. मेरी बार्बर नावाची एक गृहिणी त्यांच्या पुढं होती. घर खाली करायला सरकारी माणूस आला की गल्लीत घंटा वाजायची आणि हातातलं काम टाकून बाया जिन्यावर दाटी करायच्या. कोणी त्याच्या अंगावर पीठ फेकायची. नोव्हेंबरात हजारो लोक कोर्टावर चालून गेले. त्याच वर्षाच्या अखेरीला सरकारनं भाडं गोठवणारा कायदा केला.

तीन वर्षांनी, १९१८ साली, मुंबई इलाख्यातही युद्धकाळातल्या भाडेवाढीला आळा घालणारा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत पुन्हा जागेची टंचाई झाली आणि १९४७ सालचा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात १ सप्टेंबर १९४० रोजी असलेलं भाडं हे प्रमाण धरलं होतं. विदर्भासाठी १९४९ सालचा वेगळा हुकूम होता. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात, म्हणून आपल्याकडं १९५४ सालचा हैदराबादचा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी घरभाड्याचे तीन प्रांतांचे तीन कायदे तसेच चालू राहिले.

या कायद्यांनी भाडेकरूला आधार दिला. मनात आलं म्हणून भाडं वाढवता येईना, कारण दाखवल्याशिवाय बाहेर काढता येईना. पण काळ गेला तसं भाडं जागच्या जागी राहिलं आणि महागाई वाढत गेली. मालकाला वाटू लागलं, एकदा भाडेकरू आत शिरला की पिढ्यान्पिढ्या निघत नाही. मग त्यांनी दुसरी वाट काढली. भाडेकरू म्हणायचंच नाही. फक्त राहायची परवानगी दिली, असं कागदावर लिहायचं. यालाच आपण लिव्ह अँड लायसन्स म्हणतो. मुंबईत ही वाट इतकी रुळली की १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक अशा परवानगीवर राहत होते, त्यांना भाडेकरूच मानायचं असा बदल सरकारला कायद्यात करावा लागला.

आता ११ चा आकडा. १९०८ सालच्या नोंदणी कायद्यात असं होतं की एक वर्षाहून जास्त मुदतीचा किंवा वर्षावर्षानं चालणारा भाडेपट्टा सरकारी कार्यालयात नोंदवलाच पाहिजे. नोंदणीला खर्च आला, खेपा आल्या. मग वर्षाच्या आत राहायचं म्हणून मुदत धरली ११ महिने. मैत्रिणींनो, हा आकडा एवढ्याचसाठी आला. नोंदणी चुकवायची सोय होती ती. ११ महिने राहिलंच पाहिजे, नाहीतर गुन्हा, असं त्यात काही नाही.

पुढं १९९९ सालचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून तिन्ही प्रांतांना एकच कायदा लागू झाला. त्याच्या कलम ५५ मध्ये स्पष्ट आहे की भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, करार लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे, मग मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची. त्यानं नोंदवला नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि नोंदवलेला करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं.

म्हणजे ११ महिने ज्या कारणानं सुरू झाले ते कारण आपल्या राज्यात २००० सालीच संपलं. सवय तेवढी राहिली. आपल्या लेकी ज्या आकड्याला घाबरून नोकरी सोडायला निघतात, त्या आकड्यात एवढाच दम आहे. खरा दम असतो तो कागदावरच्या बाकीच्या ओळींत.

तीन सह्यांचा एक कागद

आता त्या तिघींकडं येऊ. भाडं महिन्याला सहा हजार, एकेकीचे दोन हजार. डिपॉझिट १२ हजार, एकेकीचे चार हजार. कागदावर तिघींची नावं, तिघींच्या सह्या. त्यांना वाटत होतं, प्रत्येकीचा आपापला दोन हजारांचा करार आहे. तसं नसतं.

१८७२ सालचा करार कायदा आजही लागू आहे. त्यात म्हटलं आहे की दोघा-तिघांनी मिळून एक वचन दिलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर समोरचा माणूस त्यांतल्या कोणाही एकाकडून सगळं वचन पुरं करून मागू शकतो. मग ज्यानं सगळं भरलं त्यानं बाकीच्यांकडून त्यांचा त्यांचा सारखा वाटा वसूल करायचा.

हे कानाला अवघड वाटतं, पण आपल्याला यातलं काहीच नवं नाही. १९९२ साली नाबार्डनं ५०० गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून आपण याच नियमावर चालतो. बँक कर्ज देते गटाला. एकीनं हप्ता थकवला तर साहेब तिच्या एकटीच्या दारात जाऊन बसत नाहीत, गटाला विचारतात. मग बाकीच्या जणी भरतात आणि नंतर तिच्याकडून वसूल करतात. तीन पोरींची एक खोली म्हणजे तीन जणींचा एक गट. मालकीणबाईंना महिन्याला सहा हजार येणं आहे, ते तिघींनी मिळून दिले की दोघींनी, हा त्यांच्या घरातला प्रश्न.

हे एकदा कळलं की भांडण नेमकं कुठं आहे ते दिसतं. एक जण गेली तरी मालकीणबाईंचे सहा हजार बुडत नाहीत. उरलेल्या दोघींकडून त्या पूर्ण भाडं मागू शकतात. खरी कुचंबणा त्या दोघींची. दोन हजारांच्या जागी तीन हजार. त्यातली एक तर पगारातून गावी पैसे पाठवत होती. मैत्रिणींनी बोलणं टाकलं ते रागानं नव्हे, भीतीनं. आणि जाणारीला वाटत होतं, मी गेले म्हणजे माझं संपलं. तेही खरं नव्हतं. कागदावर तिचं नाव असेपर्यंत मागं थकलेल्या भाड्यासाठी तिलाही विचारता आलं असतं, मग ती जालन्याला राहो की मुंबईला.

याची दुसरी बाजूही सांगतो. कित्येक ठिकाणी कागद एकीच्याच नावावर असतो आणि बाकीच्या नुसत्या राहतात. तिथं सगळा भार सही करणारीवर. एखादी रातोरात निघून गेली तर मालकापुढं उभी राहणार तीच. आणि जिचं नाव नाही तिला मालकापुढं आपलं डिपॉझिट मागायलाही हातात काही नसतं.

मालकाला भरपाई किती मागता येते, हेही त्याच १८७२ च्या कायद्यात आहे. करार मोडला म्हणून झालेलं खरं नुकसान मागता येतं. कागदात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी तो जास्तीत जास्तचा, त्याच्या आत जे वाजवी असेल तेवढंच. आणि नुकसान टाळायला काय करता येण्यासारखं होतं, तेही बघायचं असतं. खोलीत पुढच्या महिन्यात दुसरं कोणी राहायला आलं, तर एकाच महिन्याचं भाडं दोघांकडून घेणं वाजवी नव्हे.

मालकानंच मुदतीआधी बाहेर काढलं तर? १८८२ सालच्या सुविधाधिकार कायद्यात लायसन्सबद्दल दोन चांगल्या गोष्टी आहेत. परवानगी काढून घेतली तरी राहणाऱ्याला निघायला आणि सामान न्यायला वाजवी वेळ मिळालाच पाहिजे. आणि पैसे मोजून घेतलेली परवानगी तुमची काही चूक नसताना मधेच मोडली, तर भरपाई मागता येते. तेव्हा मुदत ही दोन्ही बाजूंना बांधते. आपल्याला फक्त आपल्या बाजूची गाठ दाखवली जाते.

सगळेच मधे निघाले ते वर्ष

खोली मधेच सोडायची वेळ एकाच वेळी लाखोंवर आली ती २०२० साली. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली. कारखाने बंद, क्लास बंद, खानावळी बंद. २९ मार्चला केंद्र सरकारनं आदेश काढला की मजुरांकडं एक महिन्याचं भाडं मागू नये, आणि मजुरांना, विद्यार्थ्यांना जागा सोडायला लावणाऱ्यावर कारवाई होईल. १७ एप्रिलला आपल्या राज्याच्या गृहनिर्माण विभागानं घरमालकांना सूचना दिली की भाडेवसुली किमान तीन महिने पुढं ढकला, भाडं थकलं म्हणून कोणाला बाहेर काढू नका. पुढं ढकला म्हणाले, माफ करा म्हणाले नव्हते.

त्या उन्हाळ्यात मुक्काम सोडून पायी निघालेल्यांचं काय झालं, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशातली माणसं ती. घरी जायला गाडी मिळेल या आशेनं भुसावळकडं चालली होती. काम थांबलं की परक्या गावात राहायचं कसं आणि निघायचं कसं, हा प्रश्न किती जिवावरचा असतो, ते तेव्हा सगळ्या देशानं पाहिलं.

आपल्या गावांतल्या पोरी त्या वेळी घरी पोचल्या, पण त्यांच्या खोल्यांना बाहेरून कुलूप राहिलं. आत गॅस, भांडी, पुस्तकं, गाद्या. दिवाळीच्या सुमाराला सामान आणायला गेल्या तेव्हा कोणाचं सगळं डिपॉझिट भाड्यात वळतं केलेलं होतं, कोणाला मालकानं अर्धं सोडलं. ज्यांच्याकडं कागद होता, फोनवरून पैसे पाठवल्याची नोंद होती, त्यांना निदान बोलता आलं. ज्यांचं सगळं तोंडी आणि रोख होतं, त्यांनी मिळालं ते घेतलं आणि परत आल्या. त्या वर्षी आम्ही एक गोष्ट शिकलो. खोली सोडायची वेळ सांगून येत नाही. म्हणून सोडायची अट घ्यायच्या दिवशीच ठरलेली बरी.

रविवारची बैठक

तर त्या ताईला गटानं कर्ज दिलं नाही. नाही म्हणजे नाकारलं नाही, आधी कागद बघू म्हणालो. रविवारी आम्ही दोघी जणी ताईला घेऊन शहरात गेलो. तिघी पोरी, मालकीणबाई, आम्ही, सगळे त्या खोलीतच चटईवर बसलो. कागद काढला आणि गटात ठराव वाचतो तसा मोठ्यानं वाचला. नवव्या क्रमांकाला लिहिलेलं होतं की कोणत्याही बाजूला एक महिना आधी लेखी सूचना देऊन करार संपवता येईल. पहिल्या सहा महिन्यांत सोडता येणार नाही, अशी अट काही कागदांत असते. त्याला लॉक-इन म्हणतात. या कागदात ती नव्हती. चार महिन्यांचं भाडं भरा, असं तर कुठंच नव्हतं.

मालकीणबाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "मागच्या पोरी लाइट बिल थकवून गेल्या, ते मी भरलं. मला महिन्याला सहा हजार आले आणि आत कोण राहतं ते माहीत असलं की झालं." त्यांचंही खरं होतं. पूर्ण करार संपवला असता तर उरलेल्या दोघींनाही महिनाभरात खोली शोधावी लागली असती. म्हणून करार न मोडता माणूस बदलायचं ठरलं, अगदी त्या मुंबईच्या गावाच्या खोलीसारखं. पण मालकाच्या संमतीशिवाय तिसरीच कोणी आणून ठेवता येत नाही, तेही १९९९ च्या कायद्यात आहे. म्हणून मालकीणबाईंसमोरच सगळं लिहिलं.

जाणाऱ्या मुलीनं एका महिन्याचा आपला वाटा, दोन हजार, आधीच भरायचा. त्या महिन्यात तिघींनी मिळून नवी मुलगी शोधायची, मालकीणबाईंनी तिला बघून हो म्हणायचं. नवीनं आपले चार हजार डिपॉझिट जाणारीला द्यायचे, म्हणजे मालकीणबाईंकडचे १२ हजार तसेच राहतील. लाइट बिल निघायच्या तारखेपर्यंतचं मीटर बघून तिघींत वाटायचं. भिंतीचा, नळाचा, पंख्याचा फोटो काढून ठेवायचा. आणि नवी मुलगी आली की नव्या नावांनिशी कागद पुन्हा नोंदवायचा, त्याचा निम्मा खर्च जाणारीनं द्यायचा. शहरात नोंदणी फी १,००० रुपये असते, ग्रामीण भागात ५००, आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. वर करून देणाऱ्याची हजेरी. फार मोठी रक्कम नाही ती.

सगळ्यांनी खाली सह्या केल्या. साध्या वहीचं पान होतं, पण तारीख घातली, प्रत्येकीनं मोबाइलमध्ये फोटो घेतला. १९ दिवसांनी कन्नड तालुक्यातली पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी राहायला आली. ताईच्या लेकीला त्या सगळ्यात तीन हजारांच्या आसपास खर्च आला. भरायला सांगितले होते आठ हजार, वर चार हजार डिपॉझिट जाणार होतं. आज ती जालन्याला कामावर आहे. मैत्रिणी पहिल्यासारख्या बोलतात का, असं ताईला विचारलं. म्हणाली, "बोलत्यात, पण अजून जरा जपून." तेवढं राहणारच. महिनाभर आधी तिघी बसून बोलल्या असत्या तर तेही राहिलं नसतं.

मैत्रिणींनो, लेक शहरात खोली घेते तेव्हा आता एवढं करा. करार नोंदवलेला आहे का आणि त्यावर राहणाऱ्या सगळ्यांची नावं आहेत का, ते बघा. सूचना किती दिवसांची, लॉक-इन आहे का, डिपॉझिट किती दिवसांत परत, या तीन ओळी मोठ्यानं वाचायला लावा. भाडं शक्यतो बँकेतून किंवा फोनवरून द्या, रोख दिलं तर पावती घ्या. आणि पोरींनी आपसात एक पान वेगळं लिहावं. कोणाचं डिपॉझिट किती, कोणी आधी निघाली तर किती दिवस आधी सांगेल, तिचा वाटा किती दिवस भरेल, नवी मुलगी कोण शोधेल. गटाची नियमावली लिहिता येणाऱ्या आयांच्या लेकींना हे पान अवघड जाऊ नये.

एवढं करूनही कोणी अडवलं तर घाबरून पैसे भरू नका. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना तिथं मोफत वकील मिळतो, मिळकत किती हे न बघता. १५१०० हा त्यांचा मदतीचा नंबर, बोटभर कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवा.

आपल्या गटातून एखादी सून दुसऱ्या गावी निघते, तेव्हा आपण काय करतो? तिची बचत मोजतो, कर्ज वजा करतो, ठराव लिहितो, सही घेतो, आणि मग हळदी-कुंकू लावून तिला निरोप देतो. ती गेली म्हणून गट मोडत नाही आणि तिच्या मागं हिशेबही राहत नाही. लेकींच्या खोलीला हीच रीत लावू या. पोरींनी पुढं जावं म्हणूनच आपण त्यांना गावाबाहेर पाठवलं. पुढची पायरी चढताना मागच्या खोलीचं दार त्यांच्या पदरावर अडकू नये.